फेरारीच्या गावाला जायचंय? मारानेलो-मोदेनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चौघं इटलीत जाऊन आलो, मी, बायको, चौदा वर्षांचा चिरंजीव आणि माझा मेव्हणा, आणि तेव्हापासून नात्यातल्या आणि ऑफिसातल्या प्रत्येक गाडीवेड्याने तेच तेच प्रश्न विचारलेत. दर वेळी पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

फेरारीचं गाव नक्की कुठलं, मोदेना की मारानेलो?

माणूस मोदेनाचा, गाडी मारानेलोची. एन्झो फेरारीचा जन्म फेब्रुवारी १८९८ मध्ये मोदेनाला झाला. तो स्वतः सांगायचा की जन्म १८ तारखेचा पण बर्फ इतका पडला होता की वडिलांना नोंद करायला जाता आलं नाही, म्हणून कागदावर २० तारीख. वडिलांचं घराशेजारीच लोखंडकामाचं वर्कशॉप होतं, रेल्वेची कामं घ्यायचे. आणि गंमत म्हणजे फेरारी हे आडनाव इटलीत भयंकर कॉमन आहे, अर्थ साधारण आपल्याकडचं लोहार. पहिल्या महायुद्धात सैन्यात गेल्यावर या भावी फेरारीवाल्याला काम काय मिळालं तर खेचरांना नाल ठोकायचं!

१९२९ मध्ये त्याने मोदेनात स्कुदेरिया फेरारी ही रेसिंग टीम काढली, पण ती स्वतःच्या गाड्या बनवायची नाही, अल्फा रोमिओच्या गाड्या रेसमध्ये पळवायची. पुढे १९३९ ला अल्फाशी फाटलं, दुसरं महायुद्ध आलं, १९४३ मध्ये कारखाना मोदेनाहून १८ किलोमीटर दक्षिणेला मारानेलोला हलवला, १९४४ ला त्यावर बॉम्ब पडले, परत उभा केला, आणि मार्च १९४७ मध्ये पहिली फेरारी, १२५ एस, त्याच कारखान्याच्या गेटातून बाहेर पडली. दीड लिटरचं इंजिन आणि त्यात बारा सिलिंडर! मे महिन्यात पहिल्या रेसला ती मध्येच बंद पडली, पण दोनच आठवड्यांनी रोमला जिंकली.

मग म्युझियमही दोन आहेत का? एकच बघायला वेळ असेल तर कुठलं?

दोन आहेत आणि लोक इथेच गोंधळ करतात, तिकीट एकाचं काढतात आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहतात. मोदेनातलं एन्झो फेरारी म्युझियम २०१२ ला उघडलं, वडिलांच्या त्या जुन्या घराला आणि वर्कशॉपला लागून. त्याचं पिवळंधमक छप्पर गाडीच्या बॉनेटसारखं आहे, डिझाइन यान काप्लिकी नावाच्या आर्किटेक्टचं, पण बिचारा इमारत पूर्ण व्हायच्या आधीच वारला. आत मोठा पांढरा हॉल, गाड्या कमी पण एकेक मूर्तीसारखी मांडलेली, मध्येच दिवे जातात आणि भिंतींवर एन्झोच्या आयुष्याची फिल्म सुरू होते. मारानेलोचं म्युझियम १९९० पासूनचं, तिथे रेसिंगचा भरणा जास्त.

एकच जमणार असेल तर मारानेलो. पण माझं म्हणणं विचाराल तर एकच बघायला एवढ्या लांब जाऊच नका. दोन्हीचं एकत्र तिकीट मिळतं, वेगवेगळी काढण्यापेक्षा स्वस्त पडतं, ऑनलाइन आधीच काढून ठेवा. २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला दोन्ही बंद. ग्रुप टूरवाले बोलोन्याहून फ्लोरेन्सला जाताना दोन तासांचा ‘फोटो स्टॉप’ देतात ना, त्यात हाताला फक्त कीचेन लागतं.

मारानेलोच्या म्युझियममध्ये असं काय आहे? आणि २५० जीटीओ बघायला मिळेल ना?

मिळेल किंवा नाही मिळणार. गाड्या सारख्या बदलत असतात, काही मालकांकडून उसन्या आणलेल्या असतात, दर थोड्या महिन्यांनी नवीन थीमचं प्रदर्शन लागतं. २५० जीटीओ जगात ३६ बनल्या, त्यामुळे ‘तीच बघायची’ असा हट्ट धरून गेलात तर तोंड पाडून परत याल. एफ४० चंही तेच. ती १९८७ ची, कंपनीच्या चाळिशीची, एन्झोने हयातीत पास केलेली शेवटची गाडी. मेव्हण्याने लहानपणी तिचं पोस्टर कपाटाच्या आतल्या बाजूला लावलेलं, तो शेवटी सोव्हेनिअर शॉपमधल्या मॉडेलशेजारी उभा राहून फोटो काढून आला.

मला स्वतःला सगळ्यात आवडला तो विजयाचा हॉल, अर्धगोल भिंतीला धरून चॅम्पियनशिप जिंकलेल्या फॉर्म्युला वनच्या गाड्या ओळीने, मागे ट्रॉफ्या आणि हेल्मेटं. ड्रायव्हर मायकेल शूमाकर १९९६ ला फेरारीत आला तेव्हा फेरारीच्या ड्रायव्हरने वर्ल्ड टायटल जिंकून सतरा वर्षं झालेली, आणि मग २००० ते २००४ सलग पाच! आमच्या पिढीला ती वर्षं रविवारी दुपारी टीव्हीसमोर बसून पाठ झालीत. चिरंजीवांना मात्र शूमाकर म्हणजे यूट्यूबवरचा जुना व्हिडिओ, तो आपला सिम्युलेटरच्या लाइनीत. सिम्युलेटर आणि टायर बदलायचा पिट स्टॉप याचे पैसे वेगळे पडतात बरं का, लहान मुलं सोबत असतील तर खिसा तयार ठेवा.

वेळ म्हणाल तर दोन तास सहज, मेव्हण्यासारखा प्रत्येक पाटी वाचणारा असेल तर साडेतीन.

फॅक्टरी आतून बघता येते का?

साध्या माणसाला नाही. आत जायचं तर फेरारीचे मालक असा नाहीतर कंपनीचे पाहुणे. २०२४ च्या अख्ख्या वर्षात त्यांनी जगभर मिळून १३,७५२ गाड्या दिल्या, आपल्याकडे एखाद्या नेहमीच्या मॉडेलच्या महिन्याभरात तेवढ्या खपतात, तर मालक लोक किती ते तुम्हीच बघा.

पण म्युझियममधून एक बस टूर असते, ती फॅक्टरीच्या आवारातल्या रस्त्यांवरून आणि फिओरानो ट्रॅकच्या बाजूने फिरवून आणते. खाली उतरू देत नाहीत, फोटो काढू देत नाहीत, मोबाइल खिशात. ऐकून वाटतं हे काय, काचेतून बघायचे पैसे? पण मला आवडली. रेंझो पियानोने डिझाइन केलेलं विंड टनेल दिसतं, ज्याँ नूवेलची असेंब्लीची इमारत दिसते, म्हणजे जगातले मोठमोठे आर्किटेक्ट बोलावून यांनी कारखान्याच्या शेड बांधून घेतल्यात. जागा कमी असतात, आठवडाभर आधी तरी बुक करा.

फिओरानो हा कंपनीचा स्वतःचा टेस्ट ट्रॅक, १९७२ चा, जेमतेम तीन किलोमीटरचा. त्याच्या आत लाल खिडक्यांचं एक पांढरं घर आहे, एन्झो तिथे बसायचा आणि पुढे टेस्टिंगच्या वेळी शूमाकर तिथेच मुक्कामाला असायचा.

मुंबई-पुण्याहून जायचं कसं? व्हिसा?

शेंगेन व्हिसा, इटलीचा. उन्हाळी सुट्टीत जाणार असाल तर अपॉइंटमेंटचा खेळ फार आधी सुरू करा. सगळ्यात जवळचं विमानतळ बोलोन्या, आपल्याकडून थेट विमान नाही, दुबईमार्गे जाता येतं. नाहीतर मिलान किंवा रोमला उतरून ट्रेन. बोलोन्याहून मोदेना साध्या रीजनल ट्रेनने अर्धा तास, आपल्या लोकलसारखं सीट नंबर वगैरे काही नसतं, मिळेल तिथे बसा. कागदी तिकीट असेल तर प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा, विसरलात की टीसी दंड करणार आणि ‘आम्ही टूरिस्ट’ हे कारण तो रोज ऐकतो.

अजून एक, संप. इटलीत ट्रेनचा संप ही आपल्या पावसासारखी गोष्ट आहे, आधी जाहीर होते आणि तरी लोक अडकतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ मध्ये ठरावीक रीजनल ट्रेन संपातही सोडाव्या लागतात, ते लक्षात ठेवा.

मोदेनाहून मारानेलोला बस आहे का?

आहे, ८०० नंबरची, मोदेनाच्या बस स्टँडवरून सुटते आणि बस स्टँड रेल्वे स्टेशनच्या बाहेर नाही, पंधराएक मिनिटं चालत जावं लागतं. तिकीट आधी काढा, तबाकीत मिळतं, म्हणजे सिगारेट-लॉटरी विकणारी पानटपरीची इटालियन बहीण. आठवड्याच्या मधल्या दिवशी सोपं आहे, रविवारी बस इतक्या कमी की आम्ही परतीची एक चुकवली आणि फुटपाथवर बसून दीड तास येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजल्या. तशी त्या गावात गाड्या मोजायला शिक्षा वाटत नाही म्हणा. सीझनमध्ये मोदेना स्टेशन ते दोन्ही म्युझियम अशी शटलही असते, वेळ जुळत असेल तर ती बरी. मोदेनाचं म्युझियम मात्र स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत.

गाडी भाड्याने घेतली तर?

घ्या, पण दोन गोष्टी. एक, आपल्या लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, आरटीओतून काढून न्या, तिथे गेल्यावर काही करता येत नाही. दोन, झेडटीएल. जुन्या शहराच्या आत ठरावीक गाड्यांनाच परवानगी असते, बोर्ड लहान असतो, कॅमेरा नंबर प्लेट टिपतो, तेव्हा काहीच कळत नाही. आम्ही असेच एका गावात जीपीएसवर विश्वास ठेवून शिरलो, आइस्क्रीम खाल्लं, खुशीत बाहेर आलो, आणि पाच महिन्यांनी डोंबिवलीच्या घरी इटालियनमधलं पत्र. भाड्याच्या गाडीवाल्याने आमचा पत्ता पोलिसांना कळवल्याचे वेगळे पैसे कार्डावरून कापले ते तर त्याच्याही आधी! मोदेनाच्या जुन्या भागातही झेडटीएल आहे, गाडी बाहेर पार्क करा आणि चाला.

तिथे फेरारी चालवायला मिळते म्हणे, खरंय का?

खरंय. म्युझियमच्या आजूबाजूला खाजगी दुकानं आहेत, बाहेर लाल गाड्या लावलेल्या, दहा मिनिटं, वीस मिनिटं असे दर, शेजारी त्यांचा माणूस बसतो. कंपनीचा याच्याशी संबंध नाही हे आधी समजून घ्या. दहा मिनिटांचे शंभर युरोच्या वर, व्हिडिओ वेगळा, इन्शुरन्स लावूनही गाडीला काही झालं तर पहिले इतके हजार युरो तुमचे, हे सगळं सही करायच्या कागदावर असतं, वाचा.

मेव्हण्याने केलं. दहा मिनिटांतली चार गावातल्या सिग्नलला आणि राउंडअबाउटला गेली, सरळ रस्ता मिळाला तिथे समोर ट्रॅक्टर. उतरला तेव्हा हात थरथरत होते आणि चेहरा दहावी पास झाल्यासारखा, म्हणजे पैसे वसूल झाले की नाही हे मी कोण ठरवणार.

खर्च न करता काय बघण्यासारखं आहे?

मला वाटतं खरं मारानेलो हेच. सतरा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षा लहान, रस्त्यांना ड्रायव्हरांची नावं, राउंडअबाउटवर मोठा उधळलेला घोडा. म्युझियमपासून चालत फॅक्टरीच्या जुन्या गेटपाशी जा, १९४७ ला पहिली गाडी इथूनच बाहेर पडली, बाहेरून फोटो काढायला कोणी अडवत नाही. शिफ्ट सुटायच्या वेळी तिथे उभे राहा, लाल युनिफॉर्ममधली माणसं सायकलवरून, छोट्या फियाटमधून घरी जाताना दिसतात. ते बघून मला पिंपरीच्या कंपनीत चाळीस वर्षं काढलेले आमचे काका आठवले, तेही दुसऱ्यांसाठी गाड्या बनवून लुनावर घरी यायचे.

आणि कान उघडे ठेवा. मधल्या वारी टेस्टच्या गाड्या रस्त्यावर निघतात, अंगावर काळं-पांढरं वेडंवाकडं स्टिकर आणि मागे ‘प्रोवा’ लिहिलेली प्लेट. फिओरानोच्या कुंपणाबाहेर हातात मोठा कॅमेरा घेतलेली पोरं उभी दिसली की समजायचं आत काहीतरी चालू आहे, त्यांच्याशेजारी उभं राहायचं. गाडी दिसली नाही तरी आवाज येतो. ट्रॅकच्या गेटजवळ फेरारीचा ड्रायव्हर जील व्हिल्नव्हचा पुतळा आहे, १९८२ ला झोल्डरच्या ट्रॅकवरच्या अपघातात वारला तो, एन्झोचा फार लाडका. लोक अजून फुलं ठेवतात.

व्हेज खाणाऱ्यांचे हाल होतात का?

हाल नाही, पण डोळे उघडे ठेवावे लागतात. हा भाग डुकराच्या मांसाचा, सरळ सांगतो. तोर्तेलिनीच्या आत पोर्क, आणि ज्या सूपमध्ये ती येतात तेही कोंबडी-बीफचं. न्योक्को फ्रितो नावाची पुरीसारखी फुगलेली गोष्ट बघून आमच्या हिला भरून आलं, विचारलं तर म्हणे पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत तळतात, स्त्रुत्तो हा शब्द पाठ करून ठेवा. तोर्तेलोनी, ‘ओ’वाली, मोठी, आत रिकोटा आणि पालक, ती मागा. अगदी कडक शाकाहारी असाल तर पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, मग चीज नसलेला मारिनारा पिझ्झा. दुपारी अडीचनंतर किचन बंद ते सात-साडेसातपर्यंत, मध्ये तुम्ही उपाशी मेलात तरी चालेल त्यांना. आम्ही ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, कोणाला लाज वाटायचं कारण नाही.

खाण्याचा प्रश्न नसेल आणि बजेट असेल तर गेटसमोरचं कावाल्लीनो. एन्झो रोज दुपारी तिथे जेवायचा, २०२१ पासून मासिमो बोत्तुरा नावाचा मोदेनाचा जगप्रसिद्ध शेफ ते बघतो. आम्ही बाहेरूनच मेन्यू वाचला.

बायकोला (किंवा नवऱ्याला) गाड्यांत काडीचा रस नाही, काय करू?

त्यांना मोदेनात सोडा. हे मी थट्टेने म्हणत नाहीये, आमच्या हिने मारानेलोचा अर्धा दिवस टाळला आणि ट्रिपमधला सगळ्यात चांगला दिवस तिचाच झाला. बाराव्या शतकातलं कथीड्रल आणि गिर्लांदिना टॉवर, १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत. अल्बिनेल्ली मार्केट, आपल्या मंडईसारखं झाकलेलं, भाजी-फळं-चीज. ऑपेरा गायक पावारोत्ती याच गावचा, त्याचं घरही बघता येतं.

आणि बाल्सामिक व्हिनेगर. इथल्या घरांत द्राक्षाचा रस आटवून माळ्यावर लहान होत जाणाऱ्या पिंपांच्या रांगेत वर्षानुवर्षं मुरवतात, कमीत कमी १२ वर्षं, वरच्या दर्जाचं २५. मुलगी जन्मली की पिंपं सुरू करायची आणि लग्नात द्यायची अशी रीत होती. अस्सलची बाटली १०० मिलीची, गोल पोटाची आणि चौकोनी बुडाची, आणि तिचं डिझाइन जॉर्जेत्तो जुजारोचं, म्हणजे आपल्याकडे मॅटिझ यायची ना, तिच्या मागचा तोच गाड्यांचा डिझायनर! आमच्या हिला ही माहिती दिली तर म्हणाली, इथेही गाडी आणलीसच.

लॅम्बोर्गिनी आणि पगानी पण त्याच दिवशी करू का?

नको. नकाशावर जवळ दिसतं, लॅम्बोर्गिनी सांतागाता बोलोन्येजेला, पगानी सान चेझारिओला, दुकाती बोलोन्याच्या बाजूला बोर्गो पानिगालेला, मासेराती तर मोदेनातच. पण बस-ट्रेनने एकाकडून दुसऱ्याकडे जाणं म्हणजे ठाण्याहून कल्याणला जायला व्हाया पनवेल. स्वतःची गाडी असेल तर दोन दिवसांत आरामात बसतं. फेरुचो लॅम्बोर्गिनी आधी ट्रॅक्टर बनवायचा आणि त्याच्या फेरारीच्या क्लचवरून एन्झोशी वाजलं म्हणून त्याने १९६३ ला स्वतःची कंपनी काढली, ही गोष्ट तुम्हाला इथला प्रत्येक जण सांगेल आणि प्रत्येकाची वेगळी असेल.

सचिनची फेरारी तिथे ठेवलीय का?

नाही हो. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हातून किल्ली मिळाली, मग कस्टम ड्यूटी माफ करावी की नाही यावर देशभर धुरळा उडाला, शेवटी ड्यूटी फियाटने भरली, आणि पुढे सचिनने ती गाडी विकून टाकली. पण त्या मॉडेलचं नाव आठवतंय का? ३६० मोदेना. ३६० म्हणजे ३.६ लिटरचं इंजिन आणि मोदेना म्हणजे हेच गाव. बांद्र्याच्या रस्त्यावर या गावाचं नाव आपण कितीतरी वर्षं वाचत होतो आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही.

फेरारीच्या लोगोतला तो घोडा कुठून आला?

फ्रांचेस्को बाराक्का नावाच्या पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकाच्या विमानावर तो होता, ३४ विमानं पाडून बाराक्का १९१८ ला मारला गेला. १९२३ मध्ये एन्झोने राव्हेन्नाजवळ एक रेस जिंकली, तेव्हा बाराक्काच्या आईवडिलांशी ओळख झाली आणि आई म्हणाली हा घोडा गाडीवर लाव, नशीब उजळेल. मागचा पिवळा रंग मोदेनाचा. लाल रंग मात्र फेरारीने निवडलेला नाहीच, इटलीच्या रेसिंग गाड्यांचा तो ठरलेला रंग.

कुठल्या महिन्यात जाऊ? एन्झोची समाधी बघता येते का?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर. जुलैत नागपूर आठवतं, डिसेंबर-जानेवारीत धुक्यात समोरची बस दिसत नाही, आणि ऑगस्टच्या मधल्या पंधरवड्यात फॅक्टरी बंद, अर्धी दुकानं बंद, सगळा देश समुद्रावर. एन्झो १४ ऑगस्ट १९८८ ला गेला तो याच सुट्टीच्या दिवसांत. मोदेनाच्या सान कताल्दो स्मशानभूमीत त्याच्या घराण्याची समाधी आहे, दाराला जाळी, आत शिरता येत नाही. २०१७ मध्ये तर त्याचं शव पळवून खंडणी मागायचा एका टोळीचा बेत पोलिसांनी उधळला होता!

त्याच्या जाण्यानंतर महिनाही झाला नव्हता, इटलीतल्याच मोंझाच्या रेसला फेरारीचा बर्गर पहिला आणि फेरारीचाच आल्बोरेतो दुसरा आला. त्या अख्ख्या सीझनच्या १६ रेसपैकी १५ मॅक्लारेन टीमने जिंकल्या, निसटली ती हीच एक.

परत जाल का?

हो, पण रेसच्या रविवारी. फेरारीने ग्रां प्री जिंकली की मारानेलोच्या चर्चची घंटा वाजवतात, पाद्रीबाबा स्वतः टीव्हीवर रेस बघत असतात. आम्ही सोमवारी चर्चपाशी पोचलो. दार उघडं होतं, आत एक आजी फरशी पुसत होत्या, मेव्हण्याने हातवारे करून घंटेबद्दल विचारलं तर त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि आदल्या दिवशी काय झालं ते अंगठा खाली करून दाखवलं.